पंडिता रमाबाई व शारदा सदनाचे परदेशस्थ साह्यकर्ते

शिक्षक तयार करणाऱ्या शाळेने परदेशच्या विद्यालयांशी व विद्वानांशी स्नेह कसा जोडावा, हा प्रश्न आमच्या मंडळ्यांत वरचेवर निघत असतो. कोणी म्हणतो, परक्यांचे साह्य घेतले की मिंधेपणा आलाच. कोणी म्हणतो, एक विनंतीपत्र पाठविले की पैसे आपोआप येतात, त्यात करावयाचे ते काय? ह्या दोन्ही समजुती कच्च्या आहेत. ह्या कामाचा उत्तम कित्ता आपल्याच महाराष्ट्रात एका विधवा बाईने शतकापूर्वीच घालून दिला आहे. तिचे नाव ठाऊक नाही असा ख्रिस्ती मनुष्य आपल्यांत विरळा. तथापि तिने हे साह्य कोणत्या रीतीने मिळविले, कोणत्या अटींवर घेतले, व त्यापायी तिला काय सोसावे लागले, हे थोडक्यांसच ठाऊक आहे. म्हणून पंडिता रमाबाई ह्यांचे चरित्र ह्या एका अंगाने आम्ही आज सांगत आहो.

आमच्या वाचकांपैकी जे दिवा व कल्याण ह्या बाजूस राहतात त्यांच्या दारावरून पुण्याकडे जाणाऱ्या आगगाड्या रोज धावतात. तोच लोहमार्ग पुण्याच्या पुढे दौंडाच्या वाटेवर केडगावास पोहोचतो, आणि त्या गावी बाईंनी वसविलेले मुक्ति मिशन आजही उभे आहे. कल्याणचा ह्या चरित्राशी याहूनही जवळचा संबंध आहे, तो पुढे येईल.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ नावाच्या ठिकाणी झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित. स्त्रीने संस्कृत शिकू नये असा त्या काळी दंडक असताही त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला ती भाषा शिकविली, व लक्ष्मीबाईंनी आपल्या मुलीस. हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरत असे. पुढे दुष्काळाच्या दिवसांत अन्नावाचून आईबाप गेले व वडील बहीणही गेली. तेव्हा रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवासशास्त्री अशी दोघेच भावंडे पायी देश तुडवीत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी बाईंची विद्या पारखून त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. लवकरच भाऊही वारला. १८८० साली बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशी त्यांचा विवाह झाला. १८८१ च्या एप्रिलात मनोरमा ही कन्या झाली, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती पटकीने वारले. अशा रीतीने वयाच्या चोविसाव्या वर्षी तान्ही मुलगी कडेवर घेऊन ही बाई पुण्यास आली.

पुण्यास आल्यावर त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. त्याच वर्षी सरकारने नेमलेले हंटर साहेबांचे शिक्षण कमिशन पुण्यास आले, व त्याच्यापुढे रमाबाईंची साक्ष झाली. स्त्रियांस शिकविण्यास स्त्रियाच पाहिजेत, आणि त्या स्त्रियांस आधी शिकविण्याची विद्या नीट यावी, हा त्या साक्षीचा गाभा होता. शिक्षकिणीस आपली स्वभाषा शुद्ध यावी, इंग्रजीही यावी, आणि शिकत असताना तिच्या राहण्याची व पोटाची सोय व्हावी, असे त्यांनी मांडले. शाळा तपासण्यास बायका नेमाव्या व त्यांस वैद्यकीचेही शिक्षण द्यावे, असेही त्या बोलल्या.

ह्याचे कारण उघड होते. त्या काळी घरंदाज लोक पुरुष पंतोजीकडे मुलगी पाठविण्यास कचरत. दुसरीकडे घरोघर बालविधवा केशवपन करून कोपऱ्यात बसविलेल्या असत. त्यांस ना मान, ना धंदा, ना पोटगीचा भरवसा. एकीकडे शिक्षकिणी नाहीत म्हणून मुली अडाणी, आणि दुसरीकडे काम नाही म्हणून विधवा निराधार, ह्या दोन दुखण्यांवर एकच औषध रमाबाईंस दिसले. विधवांस आश्रय द्यावा व त्यांसच शिक्षकिणी करावे, हा तो उपाय. वाचकांनी येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी, ती ही की हा विचार परदेशी साह्यकर्त्यांनी सुचविलेला नव्हता. साह्य मागण्यापूर्वी कितीतरी वर्षे गरज कोणती व औषध कोणते हे बाईंनी आपल्याच देशात पायी फिरून पाहून ठेविले होते.

उपाय सुचला, तरी तो करण्याची विद्या आपणास पुरती नाही हे त्यांनी ओळखले. स्त्रीधर्मनीति हे त्यांचे मराठी पुस्तक १८८२ साली निघाले होते. त्याच्या विक्रीच्या पैशांची विलायतेच्या भाड्यास मदत झाली, आणि १८८३ साली मुलीसह त्या इंग्लंडास गेल्या. पुण्यात पंचहौद येथे काम करणाऱ्या वाँटेज येथील भगिनींच्या घरी त्या उतरल्या. तेथेच २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. डॉक्टरीण व्हावे असा त्यांचा मूळचा बेत. पण कानांनी कमी ऐकू येऊ लागल्यामुळे तो सोडावा लागला. दुसरी एखादी निराश होऊन परतली असती. रमाबाईंनी मात्र शिक्षकाचा धंदा हाच आपला मार्ग असे ठरवून चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या कॉलेजात नाव घातले. १८८४ पासून सुमारे दोन वर्षे त्या तेथे गणित, शास्त्र व इंग्रजी वाङ्मय शिकत होत्या आणि त्याच कॉलेजात संस्कृत शिकवीतही होत्या. डोरोथिया बील ह्या नामांकित बाई तेव्हा त्या कॉलेजच्या मुख्य होत्या, व त्यांचा रमाबाईंवर लोभ होता.

पाहा, ह्या स्नेहाची बैठक किती बरोबरीची होती! रमाबाई एका हाताने घेत होत्या व दुसऱ्या हाताने देत होत्या. ज्याच्याजवळ देण्यासारखे काहीच नाही त्याला परक्या दारी भिकारी होऊन उभे राहावे लागते. ज्याच्याजवळ आपली विद्या आहे तो पाहुणा होऊन जातो. ह्याच दिवसांत पुरुष विद्यार्थ्यांसही रमाबाईंनी शिकवावे अशी गोष्ट निघाली, तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली. आपल्या देशातील रीतीस ते शोभणार नाही, असे त्यांचे म्हणणे. रमाबाईंनी उपकारकर्त्यांस नम्रपणे, पण स्पष्ट शब्दांत कळविले की आपल्या देशाची रीत आपण जाणतो, व आपल्या विवेकबुद्धीचे ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर टाकणार नाही. ज्यांचे अन्न खाल्ले त्यांच्याशी असा मतभेद करणे सोपे नसते. तरी पत्रव्यवहार तुटला नाही, व ममताही तुटली नाही.

आता कल्याणचा संबंध सांगतो. डॉ. आनंदीबाई जोशी ह्यांचा जन्म १८६५ साली कल्याण येथे झाला. त्या १८८३ साली अमेरिकेस जाऊन फिलाडेल्फिया शहरातील स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात शिकत होत्या. रमाबाईंचे व त्यांचे दूरचे नाते होते. त्या कॉलेजच्या मुख्य डॉ. रेचल बॉडली ह्यांनी आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाईंस बोलाविले. जाऊ नये असे इंग्लंडातील पुष्कळ स्नेह्यांचे मत होते. तरी १८८६ च्या आरंभी रमाबाई निघाल्या, व ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंस डॉक्टरची पदवी मिळाली तेव्हा त्या तेथे हजर होत्या. त्याच विद्यालयात तेव्हा जपान व सिरिया ह्या देशांच्या मुलीही वैद्यकी शिकत होत्या. एक विद्यालय इतक्या देशांच्या लेकींस एका छताखाली कसे शिकविते, हे बाईंनी डोळ्यांनी पाहिले. आनंदीबाई स्वदेशी परतल्या, पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास क्षयाने वारल्या. कल्याणच्या ह्या लेकीचे आयुष्य अवघ्या एकवीस वर्षांचे. पण तिच्यामुळे जी ओळख झाली तिच्या बळावर पुढे शेकडो विधवांस घर मिळाले.

समारंभ आटोपून लवकर परतावे असा रमाबाईंचा विचार होता. परंतु तेथील शाळा पाहून त्यांनी मुक्काम वाढविला. फ्रोबेल नावाच्या जर्मन गुरूने काढलेली किंडरगार्टन म्हणून लहान मुलांच्या शिक्षणाची एक पद्धती आहे. तीत मूल घोकंपट्टीने व छडीने न शिकता रंगीत चेंडू, लाकडी ठोकळे, माती, कागद, गाणी व खेळ ह्यांच्या साह्याने शिकते, आणि त्याच्या हातास व डोळ्यांस वळण लागते. आमच्या खेड्यांतील शाळांत जे कोणी मुलांकडून चिंचोके मोजवून अंकओळख करवितात, ते नाव न जाणताही थोडेबहुत ह्याच वाटेने चालतात. एवढी मोठी पंडिता, पण ती लहान मुलांस शिकविण्याच्या ह्या वर्गात विद्यार्थिनी होऊन बसली. हिंदुस्थानात ही पद्धती आणावयाची तर ती आधी आपल्या हातांत बसली पाहिजे, असा त्यांचा हिशेब होता.

१८८७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीविषयी त्यांनी इंग्रजीत एक पुस्तक लिहिले. डॉ. बॉडली ह्यांनी त्यास प्रस्तावना जोडली. पुस्तकाच्या हजारो प्रती खपल्या, व तो पैसा शाळेसाठी राखून ठेवण्यात आला. नंतर १८८७ च्या डिसेंबरात बोस्टन शहरी रमाबाई असोसिएशन ही मंडळी स्थापन झाली. डॉ. एडवर्ड एव्हरेट हेल हे तिचे अध्यक्ष. प्रसिद्ध उपदेशक फिलिप्स ब्रुक्स व मद्यपाननिषेधाच्या पुढारी फ्रान्सिस विलर्ड हे उपाध्यक्षांत होते, व कार्यकारी मंडळाचा भार मिसेस जुडिथ अँड्र्यूज ह्या बाईंवर होता.

ह्या मंडळीची बांधणी विचार करण्याजोगी आहे. गावोगावी लहान लहान मंडळे स्थापून प्रत्येक सभासदाने वर्षास एक डॉलर द्यावा, असे ठरले. त्या वेळच्या भावाने डॉलर म्हणजे सुमारे तीन रुपये. दहा वर्षे दर वर्षी सुमारे ५,००० डॉलर पुरविण्याचे वचन मंडळीने दिले. एका धनिकाच्या मर्जीवर काम टांगून न ठेवता ते अनेक साध्या माणसांच्या लहान वर्गणीवर बसविले, म्हणून ते टिकले. मुदत दहा वर्षांची ठरली, म्हणून कोणास कायमचे बांधून घ्यावे लागले नाही. दर वर्षी कामाचा अहवाल व पैशांचा हिशेब बोस्टनास जावा असे ठरले. इकडे मुंबईत व पुण्यात देशी सद्गृहस्थांची सल्लागार मंडळे नेमली गेली. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर ह्यांसारखी माणसे त्यांत होती.

आणखी एक अट होती, व तीच पुढे कसोटीची ठरली. वर्गणी देणारे नाना पंथांचे होते, आणि ज्यांच्यासाठी शाळा काढावयाची त्या विधवा उच्चवर्णीय हिंदू घरांतल्या होत्या. म्हणून शाळेत कोणत्याही धर्माचे शिक्षण देऊ नये, कोणाच्या आचारास अडथळा करू नये, व ज्या मुलीस जे धर्मग्रंथ वाचावेसे वाटतील ते वाचण्यास तिला मोकळीक असावी, असे ठरले.

मंडळी स्थापन झाल्यावरही बाईंनी देशभर, थेट पॅसिफिक महासागराच्या किनाऱ्यापर्यंत, व्याख्याने दिली, व शाळा, कॉलेजे व अनाथगृहे पाहिली. नंतर जपानच्या वाटेने १८८९ च्या फेब्रुवारीत त्या मुंबईस उतरल्या. त्याच वर्षी युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त हे त्यांचे मराठी पुस्तक निघाले. अमेरिकेचा राज्यकारभार, शाळा, घरसंसार व बायकांचे उद्योग ह्यांची माहिती त्यात दिलेली आहे. परदेशात शिकलेले आपल्या भाषेत उतरवून आपल्या लोकांपुढे ठेविले नाही, तर ते शिक्षण एकट्याची शिदोरी होऊन राहते. बाईंनी तसे होऊ दिले नाही.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. आनंदीबाईंच्या पदवीदानास त्या दिवशी बरोबर तीन वर्षे झाली होती. उद्घाटनाच्या सभेचे अध्यक्षस्थान काशीबाई कानिटकर ह्यांनी घेतले. आरंभी दोनच मुली होत्या. त्यांतील गोदूबाई ही सदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी. तिचाच पुढे १८९३ साली धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशी पुनर्विवाह झाला व ती आनंदीबाई कर्वे म्हणून ओळखली जाऊ लागली. १८९० च्या नोव्हेंबरात सदन पुण्यास नेले. तेथे मुलींस आपापल्या जातीप्रमाणे स्वयंपाकपाण्याचा आचार पाळण्याची सोय होती. त्यांस लिहिणेवाचणे, इंग्रजी, शिवणकाम व शिकविण्याचे काम शिकविले जाई. पुष्कळ मुली पुढे शिक्षकिणी व परिचारिका होऊन स्वतःचे पोट भरू लागल्या.

आता कसोटीची गोष्ट. रमाबाई पहाटे आपल्या खोलीत प्रार्थना करीत व खोलीचे दार उघडे ठेवीत. काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसू लागल्या. बाईंनी कोणास बोलाविले नाही, व कोणास घालविलेही नाही. हे बाहेर कळताच पुण्यात गवगवा झाला, आणि केसरी पत्राने सदनावर कडक टीका चालविली. सल्लागारांचे म्हणणे असे की लहान वयाच्या मुलींना बाईंचा सहवासच ओढ लावतो. म्हणून मोकळीक देणे म्हणजे शिक्षण देण्यासारखेच आहे. बाईंचे म्हणणे असे की आपण वचन मोडलेले नाही. आईने मुलास जवळ येऊ द्यावे तसे आपण मुलींस येऊ दिले, व देवाजवळ येणाऱ्या मुलीपुढे दार लावून घेणे आपणास शक्य नाही. १८९३ च्या ऑगस्टात रानडे, भांडारकर वगैरे सल्लागारांनी राजीनामे दिले, व सुमारे वीस-पंचवीस मुली पालकांनी काढून नेल्या.

येथे आम्हांस न्यायाने बोलले पाहिजे. ज्यांनी राजीनामे दिले ते कुत्सित लोक नव्हते. त्यांनी स्वतः लोकनिंदा सोसून ह्या सदनाचा कैवार घेतला होता, आणि आपल्या शब्दावर विश्वासून लोकांनी मुली पाठविल्या ह्याची त्यांस जबाबदारी वाटत होती. रमाबाईही लबाड नव्हत्या. अट एकच होती, पण तिचा अर्थ दोन्ही बाजूंनी निरनिराळा घेतला होता. आरंभी सर्वांच्या आनंदात हा भेद कोणी उकरून पाहिला नाही, व पाच वर्षांच्या आत तोच भेगेस कारण झाला. बोस्टनकरांनी मात्र घाईने हात काढून घेतला नाही. मिसेस अँड्र्यूज स्वतः समुद्र ओलांडून पुण्यास आल्या, सर्व प्रकार जवळून पाहिला, आणि मंडळीने साह्य चालू ठेविले. दूरदेशीचा स्नेह वर्तमानपत्रांवर व ऐकीव गोष्टींवर टिकत नाही. कोणीतरी येऊन पाहावे लागते, आणि पाहण्यासारखे काम व उघडे दप्तर असावे लागते.

पुढे १८९६-९७ चा दुष्काळ पडला. बाईंनी मध्यप्रांतात जाऊन सुमारे ३०० मुली व बायका मरणाच्या दाढेतून आणिल्या. केडगावास सुमारे शंभर एकर जमीन त्यांनी आधीच घेतली होती. तेथे मुक्तीची वस्ती उभी राहिली. ह्याच सुमारास दहा वर्षांची मुदत भरली. १८९८ साली बाई पुन्हा अमेरिकेस गेल्या व झालेल्या कामाचा वृत्तांत त्यांनी साह्यकर्त्यांपुढे ठेविला. जुनी मंडळी विसर्जन होऊन अमेरिकन रमाबाई असोसिएशन ह्या नावाने नवी मंडळी झाली. ह्यापुढे मुक्तीचे काम उघडपणे ख्रिस्ती काम म्हणून चालले. संदिग्ध अटीखाली ते पुन्हा ठेवले गेले नाही. १८९३ साली शिकलेला धडा बाई विसरल्या नाहीत.

मग ह्या स्नेहाची दुसरी बाजू सुरू झाली. आतापर्यंत तिकडून पैसा येत होता. आता इकडून विद्यार्थिनी जाऊ लागल्या. न्यूयॉर्क संस्थानात रोचेस्टर शहराजवळ नॉर्थ चिली गावी चेसब्रो सेमिनरी नावाची शाळा होती. तेथे मनोरमाबाई व सदनातील काही मुली शिकावयास गेल्या. तेथे राहून जाण्यासाठी त्यांस पाठविले नव्हते; परत येऊन शिकवावे हा हेतू होता. १९०० साली मनोरमाबाई परतल्या व शारदा सदनाच्या मुख्य झाल्या. आंधळ्यांना उठावाच्या ठिपक्यांवर बोट फिरवून वाचता यावे अशी जी ब्रेल लिपी, ती शिकवून त्यांनी मुक्तीतील आंधळ्या मुलींसही विद्येचे दार उघडले. दुष्काळातून आलेल्या ज्या मुलीस भीक मागण्यावाचून गती नव्हती, ती आता दुसरीस वाचावयास शिकवू लागली.

मनोरमाबाई २४ जुलै १९२१ रोजी वारल्या. एकुलत्या लेकीचे दुःख सोसून रमाबाईंनी आपल्या मराठी पवित्रशास्त्राच्या भाषांतराचे काम शेवटास नेले, व ५ एप्रिल १९२२ रोजी त्याही प्रभूमध्ये निजल्या.

आता वाचकहो, ह्या चरित्रातून शिक्षकांच्या शाळा चालविणाऱ्यांनी काय घ्यावे? आपली गरज आपण आधी ओळखावी. ती दुसऱ्याने सांगावी अशी वाट पाहू नये. मागण्यापूर्वी शिकावे, आणि शिकताना आपली विद्याही पुढे करावी. अनेकांची लहान वर्गणी घ्यावी, मुदत ठरवावी, हिशेब वेळेवर पाठवावा, व आपल्या देशातील शहाण्या माणसांस सल्लागार करावे. अट लिहिताना तिचा अर्थ दोन्ही बाजूंस एकच आहे की नाही हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे, मग ते विचारणे कितीही अवघड वाटो. कारण न विचारल्याचे मोल पुढे निरपराध मुलींस द्यावे लागते. सदनातून काढून नेलेल्या त्या वीस-पंचवीस मुलींनी कोणते वचन मोडले होते? त्यांच्या शिक्षणाचा धागा मात्र मध्येच तुटला.

आणि पाठविलेला विद्यार्थी परत यावा अशी योजना करावी. एक शिक्षक परदेशी जाऊन शिकून आला व त्याने दहा शिक्षक तयार केले, म्हणजे सातासमुद्रांपलीकडून दिलेला तो एक डॉलर खेड्यातील शाळेच्या ओसरीवर बसलेल्या पोरापर्यंत पोहोचला, असे खुशाल समजावे.